पुंडलिकाच्या घरातली माणसे



पुंडलिकाचे आख्यान मी किती वेळा लावले याचा हिशेब मी ठेवला नाही. चाळीस वर्षे कीर्तनसेवा झाली. खालापूर आणि कर्जत तालुक्यांत जिथे जिथे सप्ताह बसतो तिथे बहुतेक ठिकाणी कधी ना कधी उभा राहिलो, आणि मातृपितृसेवेचा विषय निघाला की पुंडलिक यायचाच. आता दम पुरत नाही म्हणून वीणेकऱ्याच्या शेजारी बसून ऐकतो. बसून ऐकताना जे कानाला लागते ते उभे राहून सांगताना लागत नाही, हे मला फार उशिरा कळले.

आमच्या कुंभिवलीत एका सप्ताहात माझी सेवा झाली, त्या रात्रीची गोष्ट आहे. आई तेव्हा अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली. माझी धाकटी बहीण सासरहून येऊन आईपाशी राहिली होती. मी नारळ, शाल घेऊन घरी आलो तेव्हा ती आईचे पाय चोळत बसली होती. कीर्तन तिने घरातूनच, भोंग्यावरून ऐकले होते, कारण आईला एकटी टाकून मंडपात येण्याची सोय नव्हती. मला म्हणाली, "दादा, पुंडलिकाच्या बायकोचं पुढं काय झालं? ती कुठं गेली?"

मी म्हटले, "कथेत नाही." ती "बरं" म्हणाली आणि आईची कूस बदलायला उठली.

आईला जाऊन आता पंधरा वर्षे झाली. तो प्रश्न मात्र गेला नाही. त्याच्यापायी जुनी चरित्रे पुन्हा उघडली, गावातली जुनी माणसे आठवली, आणि कायद्याची दोन पुस्तके एका वकील स्नेह्याकडून आणून वाचली. त्यातून जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवतो.

कथा तुम्हाला पाठ आहे, तरी एकदा सावकाश चला माझ्याबरोबर. जानुदेव आणि सत्यवती यांचा हा मुलगा. लग्न झाल्यावर आई-बापांना विसरला. काशीला निघाला तेव्हा बायको घोड्यावर, म्हातारे पायी. वाटेत कुक्कुटमुनींच्या आश्रमात मुक्काम पडला. पहाटेच्या आधी पुंडलिकाला जाग आली. पाहतो तो मळकट वस्त्रांच्या तीन स्त्रिया आश्रमात शिरल्या. त्यांनी अंगण झाडले, सडा घातला, पाणी भरले, मुनींची वस्त्रे धुतली, आणि बाहेर पडल्या त्या लखलखीत होऊन. त्या गंगा, यमुना, सरस्वती होत्या. जगाचे पाप धुऊन आम्ही मळतो आणि आई-बापांची सेवा करणाऱ्या या मुनीच्या घरी राबून निर्मळ होतो, असे त्यांनी सांगितले. पुंडलिकाचे डोळे उघडले. पुढे भीमातीर, पुढे वीट, पुढे अठ्ठावीस युगे.

हे सांगताना मी काय करीत असे, ते कबूल करतो. घोड्यावरच्या बायकोपाशी मी थांबायचो. तिचे नखरे, सासूला तिने दिलेली उत्तरे, नवऱ्याचे तिच्यापुढचे लाचार बोलणे, हे सगळे रंगवून दहा-पंधरा मिनिटे सहज जायची. मंडप हसायचा. बायकाच जास्त हसायच्या. नंतर पुंडलिक सुधारला की मृदंग चढायचा आणि ती बाई माझ्या कथेतून नाहीशी व्हायची. तिच्या अपराधाला मी पंधरा मिनिटे दिली; तिच्या सेवेला एक शब्दही दिला नाही. पुंडलिकाने आई-बापांचे पाय चेपले हे खरे. पण त्या घरात म्हातारीचे केस कोण विंचरत होते, म्हाताऱ्याला दात नसतील तर भात मऊ करून कोण घालत होते, रात्रीची वस्त्रे भीमेवर कोण धूत होते? पुंडलिक दोन्ही हात चेपण्यात गुंतलेला असताना चूल पेटत होती ना?

आणि त्या तीन नद्या. सेवेचे पुण्य मुनींच्या नावावर, आश्रमातला झाडू मात्र तिघींच्या हातात. हे आपल्याच आख्यानात लिहिलेले आहे, माउली. बाहेरून कोणी आणून घातलेले नाही. चाळीस वर्षे मी तो झाडू हातवारे करून दाखवला आणि मला तो दिसला नाही.

कोणी म्हणेल, महाराज, कथेचा असा कीस काढू नये. काढू नये हे बरोबर. पण कथा ऐकून मुलगा काय शिकतो आणि मुलगी काय शिकते, एवढे तरी पाहायला हवे. मुलगा शिकतो की आई-बापांची सेवा हा पुरुषार्थ आहे, तिने देव दारात येतो. मुलगी शिकते की तिने या सेवेत अडथळा आणू नये. लेक तर त्या कथेत नाहीच. पुंडलिकाला बहीण होती का, असती तर ती कुठे होती? श्रावणबाळालाही बहीण नाही. कावडीच्या दोन पारड्यांत आई-बाप, मधे एकटा मुलगा.

संतांच्या चरित्रांत गेलो तर चित्र असे एकसारखे राहत नाही. तुकोबांचे घर घ्या. बोल्होबा आणि कनकाई यांचे तीन मुलगे: सावजी, तुकाराम, कान्होबा. बाप थकला. थोरल्याने प्रपंच अंगावर घ्यावा अशी रीत, पण सावजी मुळातले विरक्त. त्यांनी नाही म्हटले. मग बोल्होबांनी मधल्याच्या खांद्यावर सगळे टाकले. महिपतीबुवांनी हे चरित्रात सांगितले आहे. तुकोबा तेव्हा कोवळ्या वयाचे. पुढे आई-बाप गेले, भावजय गेली, सावजी तीर्थयात्रेला निघून गेले, दुष्काळ आला. थोरला देवाकडे गेला आणि मधला दुकानावर बसला, असे घर तुम्ही-आम्ही आपल्या भावकीत पाहिलेले असते. परमार्थाच्या नावाने आई-बापांच्या उसाभरीतून सुटता येते, ही वाट फार जुनी आहे. आणि देव शेवटी दुकानावर बसलेल्याला भेटला, याचे आम्हा कीर्तनकारांना थोडे अवघड वाटायला हवे.

आमच्या भागाला तुकोबा परके नाहीत. मिरचीच्या व्यापारासाठी ते घाट उतरून कोकणात येत आणि खोपोलीजवळच्या साजगावला त्यांचे येणे झाले, अशी आमच्याकडची परंपरा. म्हणून ती आमची धाकटी पंढरी. कार्तिकी एकादशीला तिथे यात्रा भरते, सुक्या मासळीचा मोठा बाजार लागतो, आणि त्यावरून देवालाच लोक प्रेमाने बोंबल्या विठोबा म्हणतात. या यात्रेला सासरी गेलेल्या लेकी येतात. येताना आई-बापांसाठी काहीतरी पदरात बांधून आणतात आणि जाताना बोंबील घेऊन जातात. साजगावची यात्रा मी त्या लेकींसाठी लक्षात ठेवतो. त्यांच्याविषयी पुढे बोलतो.

बहिणाबाईंचे घर आणखी वेगळे. वेरूळजवळच्या देवगावच्या कुळकर्ण्यांची ही लेक, जन्म १६२८चा मानतात. आपले आयुष्य तिने स्वतः अभंगांतून सांगून ठेवले, हे मराठीत केवढे मोठे भाग्य! ती लहान असतानाच वडिलांवर कर्जाचे संकट आले आणि देवगाव सोडावे लागले. तेव्हा त्या आई-बापांबरोबर कोण निघाले? लेक आणि जावई. पंढरपूर, रहिमतपूर, कोल्हापूर असा तो प्रवास. मागून खाण्याचेही दिवस आले. कोल्हापुरात दुसऱ्याच्या घरी आसरा मिळाला, तिथेही आई-बाप लेक-जावयाबरोबरच. पुढे नवऱ्याला तिची भक्ती सोसेना, त्याने मारले, सोडून जायचे ठरवले, मग तोच आजारी पडला आणि तिने त्याची शुश्रूषा केली. या चरित्रातून आपण तुकोबांचा स्वप्नानुग्रह सांगतो, वासराची गोष्ट सांगतो. म्हातारपणाकडे झुकलेले आई-बाप लेकीच्या बिऱ्हाडात राहिले, हे मी कधी कीर्तनात सांगितले नाही. त्यात सांगण्यासारखे काही आहे असे मला वाटलेच नव्हते.

जनाबाई तर लेकही नव्हे, सूनही नव्हे. दामाशेटींच्या घरी आश्रयाला आलेली पोर. गोणाई, दामाशेटी, राजाई, नामदेवांची चार मुले, एवढ्या मोठ्या घराचे दळण-कांडण, झाडलोट, पाणी. नामदेव महाराज कीर्तनात आणि तीर्थाटनात; घर उभे राहिले त्या हातांवर. पण पाहा, पुंडलिकासाठी देव बाहेर विटेवर थांबला. जनाबाईकडे तो आत आला आणि जात्याच्या खुंट्याला हात लावला. आपल्या पूर्वजांना दोन्ही दिसले होते. आपण मूर्ती पहिल्याची केली.

आता शास्त्राकडे. लेकीला आई-बापांपासून दूर ठेवण्यात दुष्टपणापेक्षा एक विचार होता, तो समजून घेतला पाहिजे. कन्यादान झाले. दान दिलेल्या वस्तूवर दात्याचा हक्क राहत नाही, आणि दिल्या ठिकाणचे परत घेणे हा दोष. म्हणून लेकीच्या घरचे अन्न बापाने खाऊ नये, पाणीही जपून घ्यावे, निदान तिला मूल होईपर्यंत तरी. ही रीत आमच्या लहानपणी खेड्यात सर्रास होती. माझे वडील बहिणीच्या सासरी गेले की ओट्यावर बसायचे, चहा घ्यायचा की नाही याचा विचार करायचे. दुसरीकडे अग्नी आणि पिंड मुलाकडे. जो पिंड देणार त्याने जिवंतपणीही सांभाळावे आणि त्यालाच जमीन मिळावी. गणित सरळ होते. मुलाला जमीन, म्हणून मुलावर भार. लेकीला जमीन नाही, म्हणून भार नाही.

कागदावर हे बरोबर बसते. अंथरुणावर बसत नाही. कारण भार मुलावर टाकला आणि मुलाने तो आपल्या बायकोवर ठेवला. म्हणजे जिच्या रक्ताचे नाही, जिला जमीन नाही, तिने सगळे करायचे. जिच्या रक्ताचे आहे तिने पाहुणी म्हणून यायचे, रडायचे आणि जायचे.

रीत मोडायची वेळ आली की काय होते याचे एक उदाहरण मला विसरता येत नाही. पंडिता रमाबाई. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या, त्याबद्दल कोणाला काय वाटायचे ते वाटो. जन्माने त्या आमच्याच धंद्यातल्या, पुराणिकाची लेक. अनंतशास्त्री डोंगरे आणि लक्ष्मीबाई मुलांना घेऊन तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडत. १८७४ साली, दुष्काळात, बाप गेला आणि त्याच वर्षी आई गेली. आईला न्यायला खांदेकरी मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा भाऊ श्रीनिवास, चौथी रमाबाई. वय १६. उंची कमी, म्हणून तिरडीचा दांडा खांद्याऐवजी डोक्यावर घेतला. खांदा कोणी द्यायचा याचे शास्त्र माझे पाठ आहे. ती मुलगी डोळ्यांपुढे आली की मला त्यातले काही आठवत नाही.

आमच्या खोऱ्यात हा गुंता अधिक घट्ट झाला तो बाहेरच्या कामाने. १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ साली बोरघाट चढून गेली. मुंबईत त्याच सुमारास कापड गिरण्या सुरू झाल्या होत्या. १९१५ साली खोपोलीला टाटांचे वीजघर चालू झाले. पुरुषांना रोख पैशाची वाट सापडली. आवणीला घरी, उरलेले महिने कामावर, पुढे पुढे तर आवणीलाही नाही. आजोबांच्या पिढीचे मी ऐकले आहे ते असे: घरात म्हातारा-म्हातारी, सून आणि पोरे. मुलगा म्हणजे महिन्याची मनीऑर्डर. पोस्टमनने पैसे दिले की म्हातारा ओटीवर चार लोकांना सांगायचा, माझा मुलगा मला सांभाळतो. ते खोटे नव्हते. पण ते ऐकत आतमध्ये जी पेज ढवळत असायची, तिला कोण सांभाळतो म्हणायचे?

वारीचेही तेच. कोकणात आषाढी भाताच्या कामात येते, म्हणून आमच्याकडचे पुष्कळ वारकरी कार्तिकातल्या आळंदीची वारी धरतात. बोरघाट चढून दिंडी जाते. मी कितीतरी वर्षे गेलो. निघताना आईच्या पाया पडायचो, ती म्हणायची, माउलीला माझा नमस्कार सांग. तिच्याजवळ कोण राहणार हा प्रश्न आमच्या घरात कधी विचारला गेला नाही, कारण उत्तर चुलीजवळ बसलेले होते. माझ्या पत्नीने पहिली आळंदी पाहिली तेव्हा तिच्या केसांत काळा केस उरला नव्हता.

मग जमीन आली. कूळकायद्याचा १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. जमीन कसणारे कूळ त्या दिवशी कायद्याने मालक ठरले. माझे वडील त्यांतले एक. सातबाऱ्यावर वडिलांचे नाव चढले तेव्हा घरात गूळ वाटला होता. त्याच्या आदल्या वर्षी, १९५६ साली, हिंदू वारसा कायदा झाला होता आणि बापाच्या हिश्श्यात लेकही वारस ठरली होती. त्याच वर्षीच्या दत्तक व पोटगीच्या कायद्याने म्हाताऱ्या आई-बापांना पोसण्याचे बंधन मुलगा आणि मुलगी दोघांवर घातले. हक्क आणि भार एकाच वर्षी लेकीच्या पदरात पडले. गावात यातले कोणाला ठाऊक नव्हते, आणि ज्यांना ठाऊक झाले त्यांनी सांगितले नाही. वडील वारले की वारसनोंदीत मुलांची नावे वर, बहिणींची नावे इतर हक्कांत, आणि थोड्याच दिवसांत हक्कसोडपत्र.

भार लेकीवरही आहे हे कोर्टाने ठासून सांगितले, तो खटला आमच्या शेजारच्या कल्याणचा. कर्जतहून लोकलने तासाभराचे अंतर. एका वृद्ध वडिलांनी आपल्या विवाहित, डॉक्टर असलेल्या मुलीकडे महिना ५०० रुपये पोटगी मागितली. फौजदारी संहितेच्या १२५ कलमाखाली अर्ज. पहिली बायको, म्हणजे या मुलीची आई, १९४८ सालीच वारलेली. वडिलांनी दुसरे लग्न केलेले. मुलीचे म्हणणे असे की बापाने मुलीकडे मागायची या कलमात सोयच नाही. कल्याणच्या कोर्टाने ते मानले नाही, मुंबई उच्च न्यायालयाने मानले नाही, आणि १९८७ साली सर्वोच्च न्यायालयानेही मानले नाही. लग्नाने मुलगी मुलगी राहायची थांबत नाही, आणि ज्यांना फक्त मुली आहेत त्या आई-बापांनी कुठे जायचे, असा न्यायालयाचा रोख. मात्र एक अट घातली: मुलीची स्वतःची, नवऱ्यापासून वेगळी कमाई हवी.

ही अट मी पुन्हा पुन्हा वाचली. कायद्याला पैसा दिसतो, म्हणून कमाई नसलेली लेक त्याने सोडून दिली. ते न्यायाचेच झाले. पण आमच्या गावात कमाई नसलेल्या लेकीच बापाच्या उशाशी बसलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांच्याकडे कोर्टाने मागितले नाही, म्हणून त्यांनी दिलेले कोणाच्या वहीत लिहिले गेले नाही.

पुढे १९९४ साली महाराष्ट्राने, आणि २००५ साली देशाने, लेकीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाच्या बरोबरीने बसवले. २००७ साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. आता म्हातारा-म्हातारी प्रांताकडे अर्ज करू शकतात, महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मागू शकतात, आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेली जमीन मुलाने सांभाळले नाही तर परत मिळवू शकतात. त्या कायद्यातल्या अपत्यांमध्ये मुलगा आहे, मुलगी आहे, नातू आहे, नात आहे. सून नाही. माझे वकील स्नेही म्हणाले, तिच्यावर जबरदस्ती नको म्हणून नाही. असेल. मला मात्र पुंडलिकाचीच कथा पुन्हा वाचल्यासारखे वाटले.

याच वर्षांत आमच्याकडे द्रुतगती मार्ग झाला, सावरोलीकडून खारपाड्याकडच्या रस्त्याला कारखाने आले, आणि ज्या वरकसाला कोणी विचारत नव्हते त्याला गिऱ्हाइके लागली. बहिणींच्या सह्यांची किंमत भावांना तेव्हा कळली. जिने हिस्सा मागितला तिचे माहेर तुटले. आणि विचित्र असे झाले की जी बहीण आजारी आईला पाहायला वरचेवर येते, तिच्याकडे भाऊ संशयाने पाहू लागले: ही आईसाठी येते की जमिनीसाठी? हिस्सा नव्हता तेव्हा तिची माया निखळ मानली जाई. हिस्सा आल्यावर मायेचा हिशेब विचारला जाऊ लागला. मुलाला मात्र हे कोणी कधी विचारले नव्हते. त्याला तर जमीन पहिल्यापासूनच होती.

मी सगळा दोष पुरुषांच्या माथी मारतो आहे असे समजू नका. आमच्या शेजारच्या वाडीत एक गृहस्थ होते, बायको लवकर गेलेली. आंधळ्या आईला रोज स्वतः अंघोळ घालायचे, लुगडे नेसवायचे, आणि कोणी पाहिले तर लाजायचे नाहीत. त्यांना पखवाज येत नव्हता की अभंग येत नव्हता. लेकींचेही सगळे गोडच असते असे नाही. दोन दिवस यायचे, आईच्या पातळाचा वास घ्यायचा, सुनेला चार नावे ठेवायची आणि तिसऱ्या दिवशी गाडी धरायची, अशा लेकी मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्यामागे महिनोन्‌महिने मुकाट्याने राबणारी सूनही पाहिली आहे. भाऊ भावावर ढकलतात ते तर विचारूच नका. महिना तुझ्याकडे, महिना माझ्याकडे. कुठे बाप एकाकडे, आई दुसऱ्याकडे. ५० वर्षे एका घरात राहिलेली दोन माणसे शेवटी एका गावात राहून एकमेकांना सणाला भेटतात. त्याला आम्ही वाटणी म्हणतो.

आता माझे. वडील वारले तेव्हा बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली. मी तिला गाडीत बसवून नेले, सही झाल्यावर साडी घेतली, आणि आपण बहिणीचा मान राखला असे मला मनापासून वाटले. कागदात काय लिहिले आहे ते मी तिला वाचून दाखवले नाही. तिनेही विचारले नाही. काही वर्षांनी आईला अर्धांग झाले. पहिली दोन वर्षे माझ्या पत्नीने केले. मग तिचे गुडघे गेले, आईला उचलता येईना. मी काय करीत होतो? डॉक्टर आणत होतो, औषधे आणत होतो, पैसे देत होतो, आणि तारखा दिलेल्या म्हणून कीर्तनाला जात होतो. आईला कुशीवर करायला दर दोन तासांनी उठावे लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात, हे मला बहिणीने सांगितले तेव्हा आई दोन वर्षे अंथरुणात होती.

बहीण आधी महिना-महिना येऊन राहिली. शेवटी तिच्याही घरची ओढाताण होऊ लागली, तेव्हा ती आईला कर्जतकडे आपल्या सासरीच घेऊन गेली. आई जायला तयार नव्हती. तिला दुखण्यापेक्षा लाज मोठी होती. लेकीच्या दारात मरण आले तर लोक काय म्हणतील, मुलगा कीर्तनकार आणि आई जावयाच्या घरी! मला सांगायला संकोच वाटतो, पण तीच काळजी मलाही होती. आईची नव्हे, लोकांची. माझे मेहुणे मोजके बोलणारे. त्यांनी आईची खाट पुढच्या खोलीत, दारासमोर टाकली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी, आणि म्हणाले, "आमची आई आहे, मागं कशाला ठेवायची?" बहिणाबाईंच्या कथेतला जावई मी चरित्रात वाचला होता, हा डोळ्यांनी पाहिला.

आई तिथेच गेली. अग्नी मी दिला. दहाव्याचे, बाराव्याचे सगळे माझ्या हातून झाले, तेराव्याला कीर्तन ठेवले. कीर्तनकार स्नेही आले होते. त्यांनी प्रेमापोटी मला कलियुगातला पुंडलिक म्हटले आणि मंडपाने टाळी वाजवली. बहीण मागे, पंगतीसाठी पत्रावळी पुसत होती. मी मान खाली घातली, पण उठून काही बोललो नाही.

बोलायला मला दोन वर्षे लागली. चौकच्या बाजूला एका गावात सप्ताह होता, आख्यान तेच होते. घोड्यावरच्या बायकोपाशी आलो आणि रंगवणे मला जमेना. नद्यांपाशी आलो तेव्हा झाडूपाशी थांबलो आणि बहिणीचा प्रश्न होता तसा सांगितला. मंडप त्या दिवशी हसला नाही. कीर्तन झाल्यावर दोन म्हाताऱ्या पाया पडायला आल्या. त्यांतली एक म्हणाली, "महाराज, ती कुठं जाईल? घरातच असंल की."

हक्कसोडाचे कागद आता काही उलटत नाहीत. माझ्या नावावरची चार गुंठे जमीन, घरामागची, मी मागच्या वर्षी बहिणीच्या नावे बक्षीसपत्र करून दिली. मुलगे थोडे कुरकुरले. बहिणीने कागद घेतला, आणि या वेळी मी तिला तो ओळीने वाचून दाखवला. कार्तिकी एकादशीला ती साजगावला येणार आहे. तिचे गुडघेही आता पत्नीसारखेच झाले आहेत, पायऱ्या चढताना तिला कोणाचा तरी हात लागतो.